नित्यकर्मातील स्मरण

'स्मरण' हा शब्द पंथीयांच्या तोंडी इतका रुळलेला आहे की, त्याच्या अर्थाचा निराळा विचार करण्याची आवश्यकता सहसा कोणास वाटत नाही. पहाटे उठावे, माळ हाती घ्यावी, नेमिलेली संख्या पुरी करावी आणि माळ डोळ्यांस लावून ठेवून द्यावी, एवढ्याने स्मरण झाले असे समजले जाते. नियम म्हणून हे योग्यच आहे आणि जो इतकेही करीत नाही त्याने आधी इतके करावे. परंतु प्रामाणिक साधकाच्या मनात पुढे एक शंका उभी राहते, आणि ती वासनिकांइतकीच अनुसरलेल्या भिक्षूंच्याही मनात उभी राहते. माळ हातात असेतोवर चित्त स्थिर असते. ती खाली ठेवल्यावर घटकाभरात कोणी उणा शब्द बोलतो आणि तोच साधक पेटून उठतो. मग पहाटेचे ते स्मरण गेले कोठे? ते झाले होते की केवळ बोटांनी मणी ओढले होते?

या शंकेस 'मन चंचल आहे' असे मोघम उत्तर देणे म्हणजे शंकेची बोळवण करणे होय. मन चंचल आहे हे शंका विचारणारासही ठाऊक असते. दिवसाच्या उरलेल्या प्रहरांत, उठता-बसता, चालता-जेवता, काम करता स्मरण कोणत्या रीतीने राहू शकते, हा त्याचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर पंथाच्या आचारधर्मातच मिळते. मात्र ते एके ठिकाणी नसून आचारात, लीळांत आणि पूर्वसूरींच्या वागणुकीत विखुरलेले आहे.

प्रथम स्मरणाची गरज कोठून उत्पन्न झाली ते पाहावे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या सन्निधानी असलेल्या भक्तजनांना अवधान राखण्यासाठी वेगळा प्रयत्न करावा लागत नव्हता. परमेश्वर अवतार समोर विराजमान असताना दृष्टी दुसरीकडे वळणार कशी? त्यांचे पाहणे, ऐकणे, सेवा करणे हे सारे एकाच ठिकाणी गुंतलेले होते. स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यानंतर असन्निधान प्राप्त झाले आणि मग सन्निधानाची जागा स्मरणाने भरून काढावयाची वेळ आली. म्हणजे स्मरण हा सन्निधानाचा प्रतिनिधी आहे. हे ध्यानात घेतले म्हणजे एक गोष्ट आपोआप स्पष्ट होते. सन्निधान जर दिवसभराचे होते, तर त्याचा प्रतिनिधी केवळ पहाटेच्या दोन घटकांपुरता असून कसे चालेल?

श्रीनागदेवाचार्यांचे आचरण या बाबतीत प्रमाण मानावयास हवे. श्रीप्रभूंच्या प्रयाणानंतरच्या काळात भटोबास एकांतात चिंतन करीत असत. म्हाइंभटांनी ते पाहिले आणि आपण कशाचे मनन करता, असे विचारले. स्वामींच्या लीळांचे मनन चालले आहे, असे उत्तर मिळाले. त्यावर म्हाइंभटांच्या मनात जो विचार आला, त्यातूनच पुढे लीळाचरित्र सिद्ध झाले. ज्यांनी स्वामींना डोळ्यांनी पाहिले त्यांना मननासाठी लीळा आहेत. जे पुढे येतील, ज्यांनी काहीच पाहिलेले नाही, त्यांनी कशाचे मनन करावे? म्हाइंभटांनी ठिकठिकाणी जाऊन, ज्याने पाहिले-ऐकले त्याच्यापाशी विचारून लीळा गोळा केल्या आणि भटोबासांकडून त्या तपासून घेतल्या. वाङ्मयाचे अभ्यासक या ग्रंथास मराठी गद्याचा आरंभीचा ठेवा म्हणून गौरवितात. तो गौरव रास्तच आहे. पण ग्रंथ लिहिला गेला तो वाङ्मय निर्माण व्हावे म्हणून नव्हे, तर स्मरणास आधार हवा म्हणून, हे पंथीयांनी तरी विसरता कामा नये.

पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली आणि शिष्यपरंपरेतील मंडळींनी आपापल्या आठवणीतून ती पुन्हा उभी केली. पोथ्यांतून 'हिराइसा पाठ' असा जो उल्लेख येतो तो याच कष्टांची साक्ष देतो. ऐकताना ज्यांचे चित्त ठिकाणावर होते त्यांच्याच आठवणीतून ग्रंथ परत उभा राहू शकला. श्रवणकाळी जांभया देणाऱ्यांच्या आठवणीतून एक लीळाही परत आली नसती.

आता स्मरण कशाचे करावयाचे? नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा अशी चार अंगे पंथात सांगितली जातात. व्यवहारात नामावर सर्वांचा भर असतो, मूर्तीचे ध्यान काही जण करतात, लीळा पारायणापुरत्या राहतात आणि चेष्टा या अंगाकडे तर बहुधा दुर्लक्षच होते. वस्तुतः नित्यकर्मात स्मरण मुरवावयाचे असेल तर चेष्टेचे साहाय्य सर्वांत मोठे आहे. चेष्टा म्हणजे अवताराची हालचाल: पाहणे, हसणे, बसणे, चालणे, हात पुढे करणे. साधकाच्या स्वतःच्या दिवसातही याच क्रिया घडत असतात. त्यामुळे एका क्रियेने दुसरीची आठवण सहज जागी होते.

लीळाचरित्र वाचणारास एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. त्यात पहुड, उपहुड, आरोगणा, गुळळा, विडा, आसन, बीढार हे शब्द पुनःपुन्हा येतात. स्वामी निजले, उठले, जेवले, चूळ भरली, अमुक ठिकाणी बसले, अमुक ठिकाणी मुक्काम झाला, अशी नोंद लीळेमागून लीळेत होते. कित्येक वाचक या जागा भरभर ओलांडून निरूपणाच्या वाक्याकडे धाव घेतात. पारायण करणारेही तेथे आवाजाचा वेग वाढवितात. ही पुनरुक्ती लेखनाचा दोष होय, असेही कोणी मानतात. पण म्हाइंभटांसारखा विद्वान, जो नेमके लिहिण्यासाठी एवढा वणवण फिरला, तो निष्कारण पुनरुक्ती करील काय? स्मरणाच्या दृष्टीने पाहिले तर याच जागा मोलाच्या ठरतात. निरूपण बुद्धीस समजते आणि दिवसातून एखाद्या वेळी आठवते. निजणे, उठणे, जेवणे मात्र साधकास प्रत्यही करावेच लागते. जो साधक सकाळी अंथरुणावरून उठताना 'उपहुड' या एका शब्दाने स्वामींचे उठणे आठवतो, त्याच्या दिवसाचा पहिला क्षण स्मरणात गेला. जेवणाच्या आधी आरोगणेची एखादी लीळा ज्याने मनासमोर आणली, त्याचा घास निराळा होतो. त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही, माळही लागत नाही. लागते ती लीळा मनात आधीपासून बसलेली असणे. म्हणून पारायण भरभर उरकणे हा स्मरणाचाच घात आहे. दिवसाला एकच लीळा वाचावी, पण स्वामी कोठे बसले होते, समोर कोण होते, कोण काय घेऊन आले, एवढे डोळ्यांपुढे उभे राहीपर्यंत वाचावी.

स्थानपोथीचेही तसेच आहे. कोणते देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेस, स्वामींचे आसन कोठे, याची त्या पोथीतील बारीक नोंद पाहून नवख्यास ती भूमापनाची वही वाटावी. परंतु जो डोमेग्राम, प्रतिष्ठान किंवा ऋद्धिपूर येथे जाऊन ओट्यास दंडवत घालतो, त्याला त्या नोंदीचे महत्त्व उमगते. येथे, या तोंडाने, या ठिकाणी, असे नेमकेपण आल्याखेरीज चित्त ठरत नाही. अलीकडे यात्रा वाहनाने होतात. एका दिवसात आठ-दहा स्थाने होतात आणि प्रत्येक स्थानी दंडवतापेक्षा छायाचित्रास अधिक वेळ दिला जातो. घरी परतल्यावर भ्रमणध्वनीत चित्रे असतात आणि चित्तात स्थान नसते. यापेक्षा दोनच स्थाने करावीत, हे बरे.

श्रीप्रभूंच्या चरित्राचा येथे विशेष उपयोग आहे. ऋद्धिपुरातील त्यांच्या लीळांत निरूपण फार थोडे. कोणाच्या घरात शिरणे, काही उचलून खाणे, मुलांत खेळणे, गल्लीतून फिरणे, असेच बहुतेक आहे. उच्च-नीच असा भेद न मानता ते कोणाच्याही दारी जात. ज्यास तत्त्वज्ञानाची वाक्ये पाठ होत नाहीत, अशा भाविकास या लीळा सहज आठवतात. कारण त्या घरातल्या आहेत, अंगणातल्या आहेत. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या स्त्रीने चुलीपाशी श्रीप्रभूंची लीळा आठवावी, यापरते सोपे साधन कोणते?

आता आचाराकडे वळावे. आचारातील पुष्कळसे नियम हे मुळात अवधानाचे नियम आहेत, असे म्हटल्यास चूक होणार नाही. अहिंसेचेच उदाहरण घ्या. पाणी गाळून घ्यावे, पाऊल पाहून टाकावे, सरपण झटकून चुलीत घालावे, दिवा झाकावा. या प्रत्येक कृतीत हात थांबतो आणि डोळे पाहतात. घाईत असलेला माणूस अहिंसा पाळू शकत नाही, कारण त्याला मुंगी दिसतच नाही. हिंसा ही दर वेळी क्रौर्यातूनच होते असे नाही. बहुतेक वेळी ती न पाहण्यातून होते. सशाची लीळा सर्वांस परिचित आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन दडला. स्वामींनी पारध्यांशी शांतपणे बोलून त्यांचे मन वळविले आणि मग सशास सोडून दिले. या लीळेतील करुणा सर्व निरूपणकार सांगतात. स्मरण करताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे: स्वामी तेथे बसलेले होते, इतकेच. त्या भ्यालेल्या जीवास ते बसणे निर्भय वाटले. साधकाच्या बसण्याजवळ घरातले लहान मूल तरी निर्भयपणे येते काय, हे त्याने पाहावे.

शेती करणारा वासनिक येथे विचारील की, नांगर चालविताना जीव मरतातच, मग अवधान राखून उपयोग काय? ही शंका खोटी नाही. शेतीत हिंसा पूर्णतः टळत नाही. परंतु टळत नाही ती हिंसा आणि टाळता येण्याजोगी हिंसा यांतील अंतर अवधानानेच कळते. बांधावरचे गवत पेटविण्यापूर्वी त्यात पाखराचे घरटे आहे काय, हे पाहण्यास क्षणभर पुरतो. जी टळली नाही तिची खंती वाटणे हेही स्मरणाचेच अंग आहे. ती न वाटणे हे मन निबर झाल्याचे लक्षण होय.

भिक्षूंच्या बाबतीत अटन, विजन, भिक्षा आणि भोजन यांनी दिवस बांधून दिलेला आहे. विजनात बसून स्मरण करावयाचे, हे ठीकच. पण अटनात आणि भिक्षेत काय करावयाचे? घरे निवडू नयेत, अन्न निवडू नये, मिळाले ते घ्यावे, या नियमांचा हेतू केवळ रसनेचा निग्रह एवढाच नाही. निवड सुरू झाली म्हणजे मन पुढच्या दारी पोहोचते आणि पाय मागे राहतात. अमक्या घरी तूप मिळते, तमक्या घरी बोलणी मिळतात, असा हिशेब सुरू झाला की स्मरण सुटले म्हणून समजावे. आज मठ-आश्रमांतून भोजनाची व्यवस्था असते व भिक्षा बऱ्याच ठिकाणी नावापुरती उरली आहे. त्याचे गुणदोष हा निराळा विषय आहे. मात्र पंगतीत बसलेल्या भिक्षूने वाढप्याच्या हाताकडे डोळे लावले तर आश्रमातही तेच दार आणि तोच हिशेब उभा राहतो.

गेल्या काही दशकांत 'सजगता' या नावाने एक साधन जगभर पसरले आहे आणि पंथातील शिकलेली तरुण मंडळी त्याविषयी विचारणा करतात, म्हणून त्याचाही विचार येथे अप्रस्तुत होणार नाही. याचे मूळ बौद्धांच्या साधनेत आहे. पाली भाषेत त्यास 'सति' म्हणतात आणि हा शब्द संस्कृत 'स्मृति' याचेच रूप आहे. म्हणजे शब्दाने ते स्मरणाचे सोदरच होय. शरीर, वेदना, चित्त आणि धर्म या चार ठिकाणी लक्ष ठेवावे, असे त्या मार्गात सांगितले आहे. महाराष्ट्रात इगतपुरी येथे 1976 पासून सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतील विपश्यनेची शिबिरे भरू लागली. अमेरिकेत 1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स येथील वैद्यकीय विद्यालयात दुखणाईतांसाठी याच साधनाचा पाठ सुरू केला आणि तेथून ते इस्पितळे, शाळा, कचेऱ्या यांत शिरले. चालू क्षणी जे घडते आहे त्याकडे, बरे-वाईट न ठरविता, लक्ष द्यावे, असे त्याचे स्वरूप सांगितले जाते.

यास एकदम परके म्हणून झिडकारण्याचे कारण नाही. चित्त चालत्या कामावर आणून ठेवण्याची सवय चांगलीच आहे. ज्याचे लक्ष हातातल्या घासावर टिकत नाही त्याचे लीळेवर कसे टिकणार? तथापि दोन ठिकाणी वाटा वेगळ्या होतात आणि त्या ठिकाणी गोंधळ होऊ देऊ नये. पहिले असे की, त्या साधनात लक्ष देणे हेच साध्य-साधन आहे. कशाकडे द्यावयाचे, तर श्वासाकडे, पावलाकडे, वेदनेकडे. पंथाचे स्मरण विषयावाचून नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांत मोक्ष देणारा एक परमेश्वरच. श्वास हा प्रपंचातला, त्यावर चित्त स्थिरावले तर स्वस्थता लाभेल, पण जीवाची अविद्या फिटणार नाही. दुसरे असे की, बरे-वाईट न ठरविणे हे दुखण्यात उपयोगी पडत असेल. आचारात मात्र ते चालत नाही. विकार उठला तर तो विकार आहे, विकल्प आला तर तो विकल्प आहे, असे ओळखावेच लागते. केवळ 'राग येत आहे' असे पाहत राहणे आणि ज्यावर रागावलो त्याची क्षमा न मागणे, यास आचारधर्मात स्थान नाही.

उलट पक्षी, पंथातही एक सोयीस्कर मत अधूनमधून डोके वर काढते, त्याचाही समाचार घ्यावयास हवा. काम करतानाच स्मरण होत असेल तर निराळे बसण्याची आवश्यकता काय, असे हे मत आहे. बोलावयास ते फार गोड आहे. परंतु ज्यांनी बसणे सोडले त्यांचे चालतेबोलते स्मरणही थोड्याच दिवसांत विरून गेले, असाच सर्वत्र अनुभव येतो. पहाटेच्या बैठकीत लीळा मनात भरली जाते आणि दिवसभर तीच खर्च होते. भरणे बंद झाले की खर्चावयास काय राहणार? साक्षात भटोबासही एकांतात बसून मनन करीत, तेथे इतरांनी बसण्याची सूट कोणत्या तोंडाने मागावी?

दुकानदार, नोकरदार, वाहन चालविणारा अशा वासनिकांना मात्र एक सांगणे अवश्य आहे. ज्या कामात दुसऱ्याचा जीव किंवा पैसा गुंतलेला आहे, त्या कामात चित्त कामावरच असावे. तराजू धरला असता डोळे मिटून नाम घेणे आणि काटा चुकविणे हे स्मरण नव्हे. वाहन चालविताना लीळा आठवीत बसू नये. बसण्यापूर्वी नाम घ्यावे, उतरल्यावर घ्यावे. पंजाबातील जयकृष्णी मंडळींत व्यापार करणारे पुष्कळ आहेत; दुकान उघडताना आणि बंद करताना दंडवत घालणे अशा व्यवसायात कोणासही सहज जमेल. कामाच्या दोन टोकांस स्मरण बांधले म्हणजे मधले कामही हळूहळू ओढले जाते: माप पुरे पडते, गिऱ्हाईकाशी बोलणे नरम होते.

स्मरण तुटले असता काय करावे? ते तुटणारच. कित्येक साधक तुटल्याची एवढी खंती करतात की, ती खंतीच नवा विकल्प होऊन बसते. 'हे आपल्यास साधणार नाही' असे म्हणून ते साधनच सोडतात. तुटले असे ज्या क्षणी कळले, तो क्षण स्मरणाचाच असतो, कारण विसरलेल्यास आपण विसरलो हे कळत नसते. तेथून पुन्हा एक नाम घ्यावे आणि हातातले काम पुढे चालवावे. कोणास दुखविले असेल तर त्याच दिवशी दंडवत घालून क्षमा मागावी. ती दुसऱ्या दिवसावर टाकू नये. रात्री पहुडण्यापूर्वी दिवस उलगडून पाहावा, पण त्याची वही करू नये. इतकी नामे झाली, इतक्या वेळा तुटली, असा जमाखर्च मांडणारे शेवटी आकड्यांचेच स्मरण करू लागतात.

केशवराजबास आणि पंडितबास यांना संस्कृतात लिहिण्याची हौस असताना, त्यामुळे साध्याभोळ्या म्हाताऱ्या वंचित होतील म्हणून भटोबासांनी ते मान्य केले नाही, ही गोष्ट पंथात सर्वांस माहीत आहे. त्या म्हाताऱ्यांचा विचार येथे मुद्दाम करावयास हवा. वार्धक्यात डोळे जातात, पोथी दिसत नाही. हात थरथरतात, माळ सुटते. पुढे पुढे घरच्यांची नावेही आठवेनाशी होतात. अशा वेळी शेवटपर्यंत टिकते ते काय, हे आश्रमातील आणि घरातील सेवा करणारे पाहत असतात. अंथरुणास खिळलेली एखादी वृद्धा मुलास ओळखत नाही, पण पाण्याची वाटी ओठाशी नेली की आधी हात जोडते. तिने चाळीस-पन्नास वर्षे पाणी पिण्यापूर्वी हात जोडले होते, एवढेच तिचे साधन. सेवा करणाऱ्याने अशा वेळी घाई करू नये. ते हात जोडून होईपर्यंत वाटी धरून थांबावे आणि मगच पाणी पाजावे.